डावा बूट

चिमणीचा उजवा बूट केव्हाच तयार होऊन फळीवर ऐटीत बसला होता. डावा मात्र काही केल्या पुढे सरकत नव्हता.

घरातल्या प्रत्येक लेकराने पहिलं पाऊल आपण शिवलेल्या बुटातच टाकायचं, हा बाबांचा, म्हणजे चिमणीच्या आजोबांचा, बाणा. आयुष्यभर बूट शिवलेला माणूस तो, कंपवाताला कुठला दाद देतोय! सकाळची गोळी घेतली, की थोड्या वेळाने हात स्थिरावायचे आणि बाबा तेवढ्यात चार टाके घालून घ्यायचे. पण हल्ली गोळी घेऊनही हात ऐकेनात. टाके घालायची आरी चामड्याला टेकली की थरथरायची. आणि इकडे चिमणी टेबलाचा पाय धरून उभी राहायला लागलेली!

"एकाच बुटावर भागवेल ती," बाबा म्हणाले. "आधी लंगडी शिकेल, चालणं मागाहून."

चिमणीची आई हसली खरी. पण बाबांनी आरी गुपचूप खाली ठेवलेली तिच्या नजरेतून सुटली नव्हती. आपल्या वडिलांना काम अर्धवट टाकताना लेक पहिल्यांदाच पाहत होती.

दुसऱ्या दिवशी चिमणीला कडेवर घेऊन ती सकाळीच येऊन थडकली. बाबांच्या एका तळहातावर डॉक्टरांची गोळी होती, दुसऱ्यावर लालभडक अशी एक. दोन्ही एकदमच तोंडात गेल्या.

"बाबा, ती लाल कसली?"

"लोहाची. आत्याने आणलीय. ताकद येते म्हणे."

"पण दोन्ही एकदम?"

"अगं, आपल्या दुकानातून एकटं कधी काही गेलंय का? जोडीनेच जायचं. एकटी गोळी पोटात हरवली म्हणजे?"

तिला हसू फुटलं, आणि अर्ध्यातच विरलं. हात रुसले ते आत्या येऊन गेल्यापासूनच की!

तिने बुटाचा रिकामा खोका घेतला आणि घरातल्या सगळ्या बाटल्या त्यात भरल्या. आत्याच्या गोळ्या, जावयाने आणलेली प्रोटीनची पावडर, शेजाऱ्यांनी दिलेली कसल्याशा बियांची पूड. या शेवटच्या बाटलीचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत 'संपूर्ण नैसर्गिक'. मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला निघाले, तर खबर लागून आत्याही दारात हजर.

"माझ्या गोळ्यांवर आळ येतोय, मग मला यायलाच हवं," आत्या म्हणाली. "आणि तू रे, बहिणीचं नाव डॉक्टरांपुढे कशाला काढतोस?"

"ताई, मी अजून तोंडही उघडलेलं नाही!"

डॉक्टरांनी खोका बघितला आणि चष्मा वर सरकवला. "अहो, हे तर दुसरं दुकानच उघडलंत तुम्ही! लोह आणि तुमची गोळी पोटात भेटली, की एकमेकांना घट्ट धरून बसतात. मग औषध अंगी कसं लागणार? प्रोटीनचंही तसंच. खायचं, पण गोळीच्या वेळेला नाही."

"आणि ही पूड? नैसर्गिक आहे ना?" आत्याने विचारलं.

"तीच तर जास्त बघायला हवी. ह्या बियांत तुमच्या भावाच्या गोळीतलंच औषध असतं, आणि किती ते बाटलीवरही लिहिलेलं नाही. झाकण उघडलं नाहीत ते बरं केलंत. नवीन काहीही तोंडात घालण्याआधी मला विचारायचं. मग ते कुणी कितीही मायेने आणलेलं असो."

तपासणीत बाबांचं लोह उत्तम निघालं. कमी होतं ते ड जीवनसत्त्व, तेवढंच डॉक्टरांनी लिहून दिलं. जिना चढताना आत्याच्या छातीचा झालेला भाता मात्र त्यांनी बरोब्बर टिपला होता. "तुम्हीही एकदा तुमच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या," ते म्हणाले. तिने तपासून घेतलं, तर लोह कमी होतं ते तिचंच!

"भावापायी स्वतःचं बघायचं राहिलं," आत्या जोरात म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

डॉक्टरांची गोळी एकटीच जाऊ लागली, आणि हरवली नाही. काही दिवसांतच आरी सरळ चालायला लागली. डाव्या बुटाचे टाके थोडे वाकडे पडले, पण ते फक्त बाबांनाच दिसले.

दोन्ही बूट पायांत चढले तशी चिमणीने टेबलाचा पाय सोडला. एक पाऊल, मग आणखी एक, आणि धप्पकन खाली बसली. बसल्या बसल्या डावा बूट ओढून काढला आणि सरळ तोंडात घातला.

"अगं बये," बाबा ओरडले, "डॉक्टरांना विचारलंस का आधी?"