पहिली ओळ कुणी वाचत नाही

मी टॅम्सिनचा लॅपटॉप बोलतोय. जरा हळू बोलतो, पोट भरलंय.

तिच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो आणि तिच्याबरोबरच टास्मानियातल्या ह्युऑन खोऱ्यात, तिच्या नवऱ्याच्या, लॅचीच्या सफरचंदांच्या बागेत नांदायला गेलो. तिला सासर मानवलं, मला नाही. टेकडीवर ढग आला तरी इथलं इंटरनेट रुसतं.

टॅम्सिनचं काम टास्मानियन डेव्हिलचं. काळा, चावरा प्राणी. त्यांच्यात तोंडाच्या गाठींची साथ आहे, म्हणून निरोगी जोड्या बोटीने साथ न पोचलेल्या एका छोट्या बेटावर नेऊन सोडतात. जोडी नात्यातली मात्र नको. ते पाहायचं इंटरनेटवरच्या जीनोम ब्राउझरवर: प्राण्याचा सगळा जनुकीय मजकूर म्हणजे एक लांबच लांब रस्ता, आणि त्यावर पत्त्यानिशी खुणा. पण ते पान इथे उघडता उघडताच गोठायचं.

"सगळं तुझ्यातच उतरवून घेते," ती मला म्हणाली.

या खेपेची जोडी: नर पिकल, मादी वॅटल. फाइल चार वेळा ऐंशी टक्क्यांवर तुटली, चारही वेळा शिव्या मला. माझ्यात फोल्डर साठत गेले: 'अंतिम', 'अंतिम दोन', 'हेच खरं अंतिम'.

बुधवारी दोघांच्या खुणा शेजारी शेजारी उघडल्या. एकही जुळेना.

"नातं नाहीच!" तिने तिच्या प्रमुखांना, मेरिनला, लगेच फोन केला. बोट गुरुवारी दुपारची.

प्रत्येक फाइलच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं: पिकलचे पत्ते जुन्या नकाशावरचे, वॅटलचे नव्या. माझ्या पोटातली गोष्ट. पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही.

गुरुवारी सकाळी टोस्टवर व्हेजिमाइटचा काळा, खारट लेप फासत लॅची डोकावला. "एकसुद्धा नाही? अगं, शेजारच्या कुत्र्याशीसुद्धा थोडं जुळलं असतं!"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. पण बाबांनी दोन रांगा उपटल्या, तेव्हा पुढच्या सगळ्या रांगांचे नंबर बदलले. मी जुनी वही घेऊन भलत्याच झाडांची छाटणी केली होती."

टॅम्सिनचा चहा हातातच राहिला. तिने पहिली ओळ वाचली. पहिल्यांदाच. नकाशे दोन, म्हणून एकाच खुणेचे पत्तेही दोन.

पिकलची नव्या नकाशावरची फाइल उतरवायला घेतली, तर मी सांगितलं: जागा नाही.

"लग्नाचा व्हिडिओ पुसू?" तिने लॅचीला विचारलं.

"पुस. सगळ्यात माझे डोळे मिटलेलेच आहेत."

फोटोही गेले. कचरापेटीसुद्धा रिकामी झाली. नशिबाने ढग नव्हता. फाइल आली आणि खुणा भराभर जुळत गेल्या, सख्ख्या भावंडांच्या जुळाव्यात तशा.

"मेरिन, वॅटलला बोटीत चढवू नका!"

"चढलीये गं. आता उतरवणाऱ्याला चावेल."

"चावू दे!"

वॅटल उतरली. मेरिनच्या अंगठ्याला तीन टाके पडले. लॅचीला मिठी मिळाली. मला? 'मेलं किती हळू चालतं हे,' एवढंच.

'हेच खरं अंतिम' अजून माझ्यात तसंच पडून आहे. लग्नाचा पडद्यावरचा एकच फोटो उरलाय, त्यातही लॅचीचे डोळे मिटलेले. मला खुशाल शिव्या द्या, बाबांनो. पण आधी ती पहिली ओळ वाचा.