पाच वर्षांचा वैरी

त्या काळी वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं आणि इंग्रजानं ते कायमच्या पट्ट्यानं घेतलेलं होतं. त्यामुळे हिंगोलीचा फारुख पैनगंगा ओलांडून अकोल्याकडे आला, तेव्हा तो निजामाच्या मुलखातून निजामाच्याच मुलखात आला आणि परका ठरला.

मी तिथल्या एका कापूसबाजाराच्या कचेरीत कारकून होतो. कापूस तोलणाऱ्या मापाऱ्याला परवाना लागे. परवान्यासाठी, हा माणूस पाच वर्षं वऱ्हाडात राहतो, असं दोन इभ्रतदार स्थानिकांनी लिहून द्यावं लागे. फारुखला येऊन दीड वर्ष झालं होतं. त्याची हंगामी चिठ्ठी संक्रांतीला संपणार होती. मग बायको नसीमबानो आणि बाडबिस्तरा घेऊन नदीपलीकडे परत. तिकडे काम नव्हतं, म्हणून तर तो इकडे आला होता.

त्याला एक वाईट खोड होती. तो सरळ तोलायचा. बाकीचे मापारी कापसाच्या पारड्याखाली पायाचा अंगठा अलगद लावत. शेतकऱ्याचा कापूस हलका भरे. गाडीवाले फारुखकडेच रांग लावू लागले.

"तुयाचकडे गाड्या कावून येऊन राहिल्या बे?" जुना मापारी उत्तमराव गुरगुरला.

"मला काय मालूम, भाऊ. तराजूला विचारा."

"लय शहाना झाला. निजामाचा मानूस तू, निजामाकडं जाय!"

"निजामाकडंच तर हाय की."

त्या दिवसापासून फारुख तहानेनं उठला की रांजणावरचा पेला नाहीसा होई. सहीसाठी तो दारोदार फिरला. शेषरावांनी दार लावून घेतलं. पंजाबरावांनी "कोन तू?" असं विचारलं. आदल्याच दिवशी त्यांचा कापूस त्यानंच तोलला होता.

तेवढ्यावर भागेना, म्हणून मापाऱ्यांनी परवाने देणाऱ्या साहेबाला तक्रार द्यायचं ठरवलं. माझं अक्षर चांगलं. उत्तमराव सांगू लागला, "लिवा बाबूसाहेब, हा इसम बाजार नासवून राहिला."

"कधीपासून?"

"दीड वर्स झालं," मागून कुणीतरी बोललं.

उत्तमराव भडकला. "दीड वर्सानं सायबाले काय राग येईन? पाच लिवा!"

मी पाच लिहिलं. नऊ सह्या झाल्या, दोन अंगठे उठले. हे अंगठे हाताचे होते.

साहेबानं फारुखला बोलावून घेतलं आणि अर्ज दोनदा वाचला. "पाच वर्षांच्या वस्तीला दोन साक्षी लागतात. इथे अकरा आहेत." मग फारुखकडे वळला. "पाच वर्षं झाली?"

फारुखनं तोंड उघडलं. त्याची खोड मला माहीत होती. माझ्या हातून दौत पडली, फारुख शाई पुसायला वाकला, तेवढ्यात परवान्यावर शिक्का बसला.

फारुखनं साहेबाला पैसे चारले, असं बाजारात ठरलं. मी कुणाचा समज मोडला नाही.

पुढे वऱ्हाडाबाहेरून, बऱ्हाणपुराकडून भगवंत नावाचा मापारी आला. तोही सरळ तोले. त्याला येऊन दोन वर्षं झाली, तेव्हा उत्तमराव त्याच्यावरची नवी तक्रार घेऊन फारुखकडे आला. "आता तू आपल्यातलाच झाला. कर सही."

फारुखनं अर्ज वाचला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"दोनच वर्सं? दोन वर्सानं सायबाला काय राग येतो, भाऊ? पाच लिवा."

आणि सगळ्यांच्या आधी त्यानं सही केली.