खोट डोळ्यांत नव्हती

थोरली जाऊ खिडकीपाशी बसली की सूत रंगवायच्या त्या कारखान्यात रंगाबद्दल दुसरं कुणी तोंड उघडायचं नाही, असा घरचा शिरस्ता होता. गिऱ्हाईक नमुन्याची चिंधी देऊन जाई. दीर कढईत रंग उकळी, नवरा सुताच्या लडी बुडवी, पिळी, वाळवी, आणि वाळलेली लडी थोरलीच्या मांडीवर येई. ती चिंधी आणि लडी शेजारी धरून उजेडाकडे वळायची. कधी म्हणायची, जरा मळकट गेलाय, कधी म्हणायची, अजून एक बुडी द्या. तिची मान डोलली की रंग मंजूर.

पोटातली गाठ काढून झाली, केमोचे डोस सुरू झाले, तरी खिडकीतली जागा तिचीच राहिली. अंगात बळ असेल त्या दिवशी ती येऊन बसे. आणि अशाच एका सकाळी नवऱ्याने मांडीवर ठेवलेल्या दोन लडी, एक निळी आणि एक हिरवी, तिने नुसत्याच हातात धरल्या, खाली ठेवल्या आणि म्हणाली, "मला सगळं एकसारखंच आहे."

रंगाऱ्याच्या घरात या वाक्याचा एकच अर्थ निघतो. औषधांनी हिचे डोळे अधू केले, असं सगळ्यांनी धरून चाललं. नवऱ्याने खिडकीच्या काचा घासूनपुसून लख्ख केल्या, बाहेरची आड येणारी फांदी छाटली, आणि शेवटी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे तिने तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, नजर अगदी ठणठणीत आहे. नवरा बाहेर आल्यावर म्हणाला, याचं मशीनच बिघडलेलं दिसतंय. मग दुसरा डॉक्टर झाला. त्यानेही तेच सांगितलं.

डोळ्यांचं दुखणं सांगायला सोपं होतं. त्यावर चष्मा मिळतो, थेंब मिळतात, लोक हळहळतात. पण सकाळी जाग येते आणि ऊन अंगावर येऊनही आत पोचत नाही, घास तोंडात फिरतो आणि गिळावासा वाटत नाही, नातवंड गळ्यात पडतं आणि हात उचलत नाही, हे सांगणार कसं? जो येई तो म्हणे, मन घट्ट कर. तिने मन इतकं घट्ट केलं होतं की आता आवळायला काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरकडून परतताना नवरा रिक्षा बघायला पुढे गेला, तेव्हा ती सोबत आलेल्या धाकट्या जावेला म्हणाली, "धाकटे, दिसतंय मला सगळं. पण कशाचं काही वाटत नाही. यापुढचे डोस मी घेणार नाही."

धाकटी तशी तोंडाळ. घरात तिच्या जिभेचा धाक कढईतल्या वाफेपेक्षा जास्त. पण ती रडली नाही, गळ्यात पडली नाही, समजूतही घातली नाही.

"नका घेऊ, ताई," ती म्हणाली. "पण ते डॉक्टरीणबाईंना तुम्ही स्वतः सांगायचं. माझ्याकरवी निरोप पोचणार नाही."

कर्करोगाच्या डॉक्टरीणबाईंपुढे नवऱ्याने आधी डोळ्यांच्या दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मांडल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि थोरलीकडे बघत राहिल्या. झोप कशी लागते, चव लागते का, माणसं नकोशी होतात का, मरून जावं असं मनात येतं का, एकेक विचारलं. थोरलीने खाली बघत सगळ्याची उत्तरं दिली, आणि यापुढचे डोस नकोत, हेही सांगितलं. मरावंसं वाटत नाही, म्हणाली, जगावंसं वाटत नाही इतकंच. नवरा ते ऐकून खुर्चीत अंगाचं मुटकुळं करून बसला.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे अहवाल काढले. शरीरातली सूज दाखवणारा आकडा बराच चढलेला होता. बाहेर दिसणारी सूज नव्हे, त्यांनी समजावलं. दुखण्याशी आणि औषधांशी झुंजताना शरीर आतल्या आत धुमसत राहतं. ताप आला की आपण कोपरा धरतो, जेवण नको, बोलणं नको, दिवासुद्धा नको. ते मनाचे लाड नसतात, शरीरच मेंदूला तसा सांगावा धाडतं. हा सांगावा महिनोन्महिने जात राहिला, तर काही रोग्यांचं मन असं विझत जातं. सगळ्यांचं नाही. आणि तुमच्या बाबतीत सूज किती, भीती किती, झालेला त्रास किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

थोरलीने पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे मी हाय खाल्लेली नाही?"

"नाही. तुम्ही आजारी आहात, आणि हाही आजारच आहे. यावर औषध आहे, बोलून मोकळं होण्यासाठी माणूस आहे, रोज थोडं चालायचंय. सूज आणखी कशाने आहे का तेही शोधू. गुण यायला काही आठवडे लागतील. डोस नको म्हणायचा हक्क तुमचाच आहे, बाई. फक्त नको कोण म्हणतंय, तुम्ही की हे दुखणं, एवढं आधी बघू."

डोस थोडा पुढे ढकलला गेला.

घरी आल्यावर नवरा उंबऱ्यातच थबकला. मग हळूच म्हणाला की तुझ्या जिवावर बेतलं होतं आणि मी काचा पुसत बसलो. थोरली म्हणाली, काचा स्वच्छ झाल्या, त्यात वाईट काय झालं? हसू तिच्या ओठांपर्यंत आलं नाही, पण बोलणं जुन्या धाटणीचं होतं.

त्यानंतर ती चालू लागली. उत्साहाने नव्हे, हट्टाने. धाकटी दाराशी चपला मांडून ठेवी आणि थोरली त्यांत पाय सरकवी. मन म्हणे बस, पाय म्हणत चल. ती पायांचं ऐके. आज गल्लीच्या तोंडापर्यंत, उद्या पाणपोईपर्यंत. गोळ्या वेळेवर घेई. जिच्याशी बोलायचं त्या बाईंपुढे पहिल्या खेपेला ती नुसतीच बसून राहिली. दुसऱ्या खेपेला बोलली, आणि परतताना धाकटीला म्हणाली की त्या बाई तुझ्यासारखं मधेच तोंड घालत नाहीत. धाकटीने हा टोमणा आनंदाने झेलला.

फरक म्हणावा तर किती? एखाद्या दुपारी झोप गाढ लागे, एखादा घास गोड लागे. बाकी तसंच.

डोसच्या दिवशी घरातले सगळे ओसरीत जमले. सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न. शेवटी नवऱ्यानेच विचारलं, आज बरं वाटतंय ना?

"नाही," थोरली म्हणाली. "अजून काहीच वाटत नाहीये. वाटेल तेव्हा वाटेल. त्याच्यासाठी डोस थांबणार नाही, अहो. पिशवी घ्या."

दवाखान्यात सिस्टरने तिचा हात पालथा केला, थोपटला, दंडाला पट्टा बांधला. शीर सापडेना. एकदा टोचून झालं, पुन्हा टोचून झालं. नवऱ्याने तोंड फिरवलं. सिस्टर ओशाळून म्हणाली, काकू, थोडं थांबू या का?

थोरलीने आपल्या हातानेच दुसऱ्या बाहीची घडी वर सरकवली आणि कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं.

"थांबायचं नाही," ती म्हणाली. "ती शीर पळपुटी आहे. मी इथेच आहे, हा हात बघ."