मधे पडणारा माणूस

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. बारा परकी माणसं एका घरात आठ आठवडे कोंडायची आणि त्यांचं जगणं रोज तासभर टीव्हीवर दाखवायचं, असा तो शो. हजारो अर्ज तिच्या हातून चाळले जात. आता चाळणीत वर काय उरतं? खडे. चॅनलला तेच हवे असत.

खडे ओळखायची तिची रीत मात्र तिनं कुणाला कळू दिली नव्हती. मुलाखत हा नुसता देखावा. खरी परीक्षा त्याआधीच्या तासात व्हायची. सहा उमेदवार एका खोलीत बसवायचे. खुर्च्या पाच, त्यातल्या एकीचा पाय लुळा. चहाचे कप पाच. खिडकी एकच आणि तीही अर्धवट अडकलेली. मग काचेपलीकडे वही घेऊन आपण गुपचूप बसायचं. तासाभरात माणूस कांद्यासारखा सोलून निघतो.

यंदाची दोन रत्नं तिला त्याच खोलीत सापडली होती. एक निवृत्त मास्तरीणबाई, दुसरे पोहायला शिकवणारे सर.

"खिडकी लावा, वारा लागतोय," बाई म्हणाल्या.

"वारा लागतो म्हणूनच तिला खिडकी म्हणतात, बाई. नाहीतर भिंत म्हटलं असतं."

"मला शिकवू नका. चौतीस वर्षं मी शिकवलंय."

"तरीच पोरं माझ्याकडे पाण्यात उड्या मारायला यायची!"

काचेमागे चाळणीनं वही छातीशी धरली. हरवलेलं वासरू गोठ्यात परतावं, तसं तिला झालं.

पण त्या लुळ्या खुर्चीवर एक लिफ्टदुरुस्तीवाला बसला होता. दोनदा डुगडुगला, उठला, खिशातून पाना काढला, पाय घट्ट केला आणि खुर्ची उभ्या असलेल्या बाईंना दिली. मग खिडकीही सोडवली. "आता हवी तेवढी उघडा, हवी तेवढी लावा," म्हणाला आणि उभाच राहिला. भांडण जागच्या जागी मेलं. चाळणीनं त्याच्या अर्जावर लाल शाईनं लिहिलं, 'निकामी. खुर्ची दुरुस्त केली.' मधे पडणारा माणूस घरात घ्यायचा नाही, हा धंद्याचा पहिला नियम. तंटा मिटला की एपिसोड गेलाच म्हणून समजा.

बाई आणि सर घरात गेले आणि पहिल्याच दिवशी भांड्यांच्या ओल्या फडक्यावरून जुंपली. बाई घडी घालून ओट्यावर ठेवत, सर ती मोडून फडकं नळावर टाकत. घडी, नळ, घडी, नळ. सहा आठवडे विळ्याभोपळ्याचं सख्य. घरोघरी घडीवाले आणि नळवाले असे दोन तट पडले. चॅनलच्या मोठ्या मॅडम खूश. त्यांनी सीझन दोन आठवडे वाढवला, मग आणखी दोन. आठाचे बारा झाले.

इथेच चाळणीचं घोडं अडलं. तिच्या धाकट्या बहिणीचे दिवस शोच्या अकराव्या आठवड्यात भरत होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि धाकटीला तिनं शब्द दिला होता, तुझ्या वेळी मी उशाशी असेन. आई दोघींच्या वेण्या घालताना म्हणायची,

बहीण बहिणीला जशी पापणी डोळ्याला,
खुपतं एकीला, पाणी येतं दुसरीला.

पण शेवटचा स्पर्धक बाहेर पडेपर्यंत चाळणीनं जागा सोडायची नाही, असं करारातच होतं. कुणी आजारी पडलं, कुणी रुसून निघालं, तर तासाभरात दुसरा उभा करायचा. ती खुबी एकट्या तिच्याकडे, असं सगळे मानत. तिनंच मानायला लावलं होतं.

धाकटीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. पडल्या पडल्या ती ताईचाच शो बघायची.

"ताई, येशील ना गं?" फोनवर तिनं विचारलं.

"येते. सीझन संपू दे."

"माझ्या पोटातल्याला सांगू का, बाबा रे, दोन आठवडे दम धर, मावशीचं फडकं अजून वाळायचंय?"

हसताहसता धाकटीनं फोन ठेवला. चाळणीनं कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे पुन्हा मोजले.

नवव्या आठवड्यात मॅडमना एक नवा स्पर्धक हवा होता. चाळणीनं निकामी अर्जांचा गठ्ठा सोडला आणि लिफ्टवाल्याला घरात धाडला. मनाशी म्हणाली, जा रे बाबा, तूच आता माझं गाठोडं उचल.

त्यानं दुसऱ्याच दिवशी ओट्याच्या कडेला एक दांडी ठोकली. "बाई, तुम्ही घडी घाला आणि हिच्यावर ठेवा. सर, वारा लागतो. झालं?"

दोघं दांडीकडे बघत राहिले. "झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा पोरका वाटला. संध्याकाळी सरांनी त्यांच्यासाठी चहा केला.

घरात सामसूम. तीन दिवस प्रेक्षकांचे आकडे उतरत गेले. मॅडमनी कपाळाला हात लावला. "हा काय धोंडा आणलास, चाळणी? रविवारी गुंडाळू या." चाळणीनं चेहरा पाडला आणि घरी जाऊन बॅग भरली.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. गुरुवारी आकडे वर उसळले. लिफ्टवाला करकरणारं दार बसवत होता, बाई कंदील धरावा तशी बॅटरी धरून होत्या, सर स्क्रू मोजून देत होते, आणि ते बघायला लोक जेवणं आटोपून बसत होते. एका आजोबांनी चॅनलला कळवलं, वीस वर्षं गळणारा आमचा नळ आज बंद झाला, बायको माझ्याशी बोलायला लागली.

"सहा आठवडे वाढवू!" मॅडम टेबलावर थाप मारून म्हणाल्या. "काय नजर आहे गं तुझी!"

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"नजर कसली मॅडम. शो पडावा म्हणून पाठवला होता त्याला. माझी बहीण बाळंत व्हायचीय. मला जायचंय."

मॅडमचा हात टेबलावरच राहिला. "आणि इथं माणूस लागला तर? तुझ्यासारखं कुणाला जमतं?"

चाळणीनं मोठा श्वास घेतला. बारा वर्षांचा तिचा दबदबा त्या एका श्वासात मावला होता.

"कुणालाही जमतं. सहा माणसं, पाच कप आणि एक मोडकी खुर्ची. तासभर बघत बसायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि तू मला मानसशास्त्र, देहबोली, काय काय सांगायचीस!"

"तुम्ही विचारायचात, म्हणून सांगायची."

चिडावं की हसावं, मॅडमनाच ठरेना. शेवटी दाराकडे बोट करून म्हणाल्या, "जा. परत आलीस तर जागा असेलच, असं सांगत नाही हं."

"नका सांगू," ती म्हणाली आणि निघाली.

धाकटीच्या खोलीत ती पोचली, तेव्हा दुपारचं ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. धाकटी पाठीमागे तीन उश्या लावून बसली होती, सुजलेले पाय पसरून.

"सुट्टी दिली?"

"दिली. बहुतेक कायमचीच."

"अगं बाई!" धाकटीनं डोळे विस्फारले. "माझ्यापायी?"

"तुझ्यापायी कशाला? दमले होते खडे वेचून." चाळणी पलंगावर टेकली, तिचे पाय मांडीवर घेतले आणि हळूहळू चोळू लागली. "किती जड झालेत गं."

"दोघांचे आहेत," धाकटी म्हणाली. मग ताईचा हात ओढून तिनं पोटावर ठेवला. "थांब. बोलू नकोस. आत्ता लाथ मारेल."

दोघी श्वास रोखून वाट बघत बसल्या.