सैल दोर

"काका, दोर सोडा," हर्षालीनं तिसऱ्यांदा सांगितलं.

वाल्मीकनं कुत्र्याचा दोर सोडला नाही. उलट त्याचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

गंगापूर रोडच्या मागच्या मैदानात रविवारी सकाळी हर्षाली कुत्र्यांना अडथळ्यांच्या शर्यतीचं ट्रेनिंग द्यायची. पाइपांवरून उडी, लाकडी फळीवरून चाल आणि शेवटी निळ्या कापडाचा बोगदा. दोन बैलगाड्या एकापुढे एक लावाव्यात एवढा लांब, आणि मध्ये वळलेला. या तोंडाशी उभं राहिलं की दुसरं तोंड दिसत नसे.

वाल्मीकचा भुऱ्या पाइपांवरून कसाबसा गेला होता. बोगद्यापाशी मात्र पोट जमिनीला टेकवून थरथरत होता.

"तो पग बघा, पोट अडकेल असं वाटतं, पण कसा जातो!" हर्षाली म्हणाली.

"त्याला काय, पिढ्यान् पिढ्या सोफ्यावर बसलेला हाय तो," वाल्मीक म्हणाला. "आमचं सिन्नरचं कुत्रं."

तेजस्विनी, त्याची मुलगी, हसली नाही. फ्लॅट तिचा होता. गेल्या महिन्यात भुऱ्यानं सिलिंडरवाल्याची पोटरी धरली होती. सोसायटीनं सांगितलं होतं, आणखी कुणाला दात लागला तर कुत्रं इथं राहणार नाही. भुऱ्या चिडका नाही, भित्रा आहे. अडथळे पार करायला लागला की धीट होईल, असं हर्षालीचं म्हणणं. म्हणून तेजस्विनी बापाला आणि कुत्र्याला रिक्षात घालून घेऊन आली होती.

"एकदा बघू," हर्षाली म्हणाली आणि बोगद्याच्या तोंडाशी बिस्किटाचा तुकडा टाकला.

भुऱ्यानं मान आत घातली. मग पुढचे पाय. शेपूटही दिसेनाशी झाली. वाल्मीकच्या हातातला दोर कापडाला घासत आत जात राहिला. मग थांबला. लगेच भुऱ्या उलटा फिरून बाहेर आला आणि मालकाच्या पायांत शिरला.

दुसऱ्यांदाही तसंच. या वेळी हर्षाली कुत्र्याकडे नाही, वाल्मीकच्या हाताकडे बघत होती.

"काका, तुम्हीच परत बोलावताय त्याला. तो आत दिसेनासा झाला, की तुम्ही दोराला हलका हिसका देता."

"मी? नाय बुवा."

"देता, अण्णा," तेजस्विनी म्हणाली. "मीपण बघितलं."

वाल्मीक आपल्या हाताकडे बघत राहिला. उमेदीची सगळी वर्षं त्यानं सिन्नर तालुक्यात विहिरी खोदण्यावर काढली होती. वर दगडमाती ओढणाऱ्या यारीचं इंजिन धडधडायचं, खालच्याला हाक ऐकू जायची नाही. म्हणून वरच्यानं खालच्याच्या कमरेच्या दोराला हलका हिसका द्यायचा: आहेस का? खालच्यानं उलट हिसका द्यायचा: आहे. जोडीदार सहादू खाली असताना एकदा दरड आली. वाल्मीक हिसके देत राहिला. दोर सैल होता.

"आतून जबाब आला पायजे ना," तो पुटपुटला.

हर्षालीला काही कळलं नाही. तेजस्विनीला कळलं. तिनं जवळ जाऊन त्याच्या मनगटाचे वेढे सोडवले, मग भुऱ्याच्या गळ्यातली दोराची कडी काढली. वाल्मीकनं काढू दिली. त्याचा हात मात्र तसाच, मूठ आवळलेला, पुढे राहिला.

भुऱ्या आत गेला. कापड फुगत फुगत वळणापर्यंत सरकलं. तेवढ्यात रस्त्यावरून कुणाच्या तरी बुलेटनं फटाक्यासारखा बार काढला.

कापड थांबलं.

हर्षाली पलीकडच्या तोंडाशी धावली, हाका मारू लागली. आतून खोल गुरगुर ऐकू आली. तो आवाज सिलिंडरवाल्याच्या वेळचाच होता.

"कुणी हात घालू नका!" हर्षाली ओरडली. "भ्यालेला आहे, चावेल."

"अण्णा, थांबा," तेजस्विनी म्हणाली. "तुम्हाला चावला तरी सोसायटी तेच म्हणेल."

सहादूच्या वेळी चौघांनी वाल्मीकला धरून ठेवलं होतं, उतरू दिलं नव्हतं. त्यानंतर तो कुठल्याच विहिरीत उतरला नाही. फ्लॅटच्या लिफ्टमध्येही पाय ठेवत नसे.

त्यानं चपला काढल्या. विहिरीत उतरणारा काठावर काढतो तशा, एकीला एक लावून. मग गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. खांदे गेले, कंबर गेली. भेगाळलेल्या टाचा तेवढ्या थोडा वेळ दिसत राहिल्या, मग त्याही गेल्या.

गुरगुर वाढली.

"मी हाय रे," आतून वाल्मीकचा आवाज आला, धाप लागलेला. "मी हाय. तू हाय ना? बास मग."

बराच वेळ काहीच हललं नाही. हर्षालीनं पग कडेवर उचलून घेतला.

मग वळणापाशी कापड थोडं उचललं गेलं. खाली बसलं. पुन्हा उचललं गेलं, हातभर पुढे.

तेजस्विनीनं चपला उचलल्या आणि पलीकडच्या तोंडाशी नेऊन ठेवल्या.