पॉइंट एकोणपन्नास

क्लबात त्याला सगळे ‘मायक्रो’ म्हणायचे. कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं मापं घेण्यात गेली होती आणि रविवारीही त्याच्या खिशात मायक्रोमीटर असायचाच. जेट मॉडेल विमानांच्या वेगस्पर्धेची नियमावली त्यानेच लिहिलेली, आणि विमानं तपासायलाही तोच.

हा खेळ दहा सेकंदांचा. विमान मीटरभर लांब, पाठीवर जेटची नळी. ती तापून लाल होते आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या माणसालाही कानात बोटं घालायला लावते. विमान दोन पोलादी तारांना बांधलेलं, तारांची मूठ मधे उभ्या माणसाच्या हातात. त्याच्यासमोर खांब, खांबावर बेचकं. मूठ बेचक्यात टेकवली की घड्याळ सुरू होतं, आणि सहा फेऱ्या पूर्ण होईपर्यंत ती तिथून हलता कामा नये. हात बाहेर आला की माणूस गोफण फिरवावी तसं विमान ओढू शकतो. मग तो वेग इंजिनाचा राहत नाही, दंडाचा होतो.

विक्रम अकरा वर्षं मायक्रोच्या धाकट्या भावाच्या नावावर होता. ताशी दोनशे एक्क्याण्णव किलोमीटर. धाकट्याचं मॉडेलच्या सामानाचं दुकान होतं आणि काउंटरमागे त्या दिवसाचा फोटो टांगलेला होता.

त्या रविवारी मशीनवालीने दोनशे शहाण्णव काढले.

ती शिलाई मशिनं दुरुस्त करायची. चार वर्षं ती येत होती आणि चारही वर्षं तिची नळी सुरू होण्याआधीच खोकून बंद पडत होती. तिचा नवरा आग विझवायचं नळकांडं धरून उभा राहायचा आणि लोक म्हणायचे, बिचाऱ्याला एकदा तरी काम मिळू दे. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. नळीचा आवाज थांबला आणि विमान उतरलं.

विक्रम मोडला की तारा पुन्हा मोजायच्या, तेही हातहात अंतरावर, असा नियम होता. तार अर्ध्या मिलिमीटरहून बारीक नको, कारण बारीक तारेला हवा कमी अडवते आणि वेग वाढतो. उडण्याआधी तीन ठिकाणी माप बरोबर आलं होतं. मायक्रो गुडघ्यावर बसून मोजत निघाला. मुठीजवळ आला आणि थांबला. पुन्हा मोजलं. रुमालाने तार पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

“पॉइंट एकोणपन्नास,” तो म्हणाला.

“इथे गंज होता,” मशीनवाली म्हणाली. “काल पॉलिश पेपरने घासला मी.”

सेक्रेटरी शाळेत भूगोल शिकवायचा. भांडण त्याला नकोच असायचं. तो वाकून हळूच म्हणाला, “अरे, एका शतांशाने काय आभाळ कोसळतंय? मला तर पन्नासच दिसतंय.”

“मला एकोणपन्नास दिसतंय.”

उड्डाण बाद झालं. धाकटा मागेच उभा होता. त्याने मायक्रोच्या खांद्यावर हात ठेवला. “दादा, तू होतास म्हणून निभावलं.”

मशीनवालीने वाद घातला नाही. तार गुंडाळता गुंडाळता तिने एवढंच विचारलं, “तुमच्या भावाच्या विक्रमाच्या वेळी कोण तपासायला होतं?”

“मीच.”

“मग हरकत नाही. तुम्ही घरच्यांनाही सोडणार नाही, ठाऊक आहे मला.”

हे शब्द त्याला घरी जाऊनही सोडेनात. कारण त्या दिवशी त्याने घरच्याला सोडलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी खांबाजवळ बसून फक्त बेचक्याकडे बघायचं काम त्याचं होतं. बाकी सगळ्यांचे डोळे विमानावर. चौथ्या फेरीला धाकट्याची मूठ बेचक्यातून निघाली आणि दोन फेऱ्या, म्हणजे जेमतेम तीन सेकंद, हवेत राहिली. मायक्रोने लाल निशाण उचललं नाही. धाकट्याची नोकरी गेली होती, बायको माहेरी निघून गेली होती, सहा महिने तो कोणाशी धड बोलला नव्हता. लोकांनी त्याला उचलून घेतलं तेव्हा तो रडत होता. अशा माणसाला खाली उतरवायचं कसं?

मायक्रोने कमिटीला पत्र लिहिलं. जे पाहिलं ते, जसं पाहिलं तसं.

टायरच्या दुकानावरच्या क्लबच्या खोलीत बैठक झाली. सेक्रेटरीने पत्र वाचलं, चष्मा काढला आणि नियमावली उघडली. “हरकत उड्डाणानंतर अर्ध्या तासात लेखी द्यायची. त्यानंतर आलेली ऐकून घेता येत नाही. नियम एकोणीस. तुझाच आहे.”

“पण मी स्वतः पंच होतो!”

“पंचांना सूट आहे, असं कुठे लिहिलंयस?”

नव्हतंच लिहिलेलं. कोणीतरी खुर्ची मागे सरकवली, कोणीतरी चहाचं विचारलं. पत्र फायलीतसुद्धा गेलं नाही.

धाकटा जिन्यात उभा होता.

“तुला वाटलं मला कळलं नव्हतं?” तो म्हणाला. “हात माझा होता, दादा.”

मायक्रो एक पायरी खाली आला.

“आणि तू पाहिलंस हेही मी पाहिलं होतं. मला वाटलं, दादाने आयुष्यात एकदा माझ्यासाठी डोळे मिटले. अकरा वर्षं तुझ्या घरी जेवायला येतो, तेव्हा मान खाली घालून जेवतो. आणि आज तू चार लोकांसमोर दिलेलं परत मागायला गेलास?”

“तिच्यावर अन्याय झाला म्हणून—”

“तिच्यासाठी नाही. तुझं नाव तुला स्वच्छ हवं होतं. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो.” तो दोन पायऱ्या उतरला आणि वळून म्हणाला, “आता माझ्याकडे येऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी मायक्रो मशीनवालीच्या दुकानात गेला. ती एका मशिनचं पोट उघडून तेल देत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही हात थांबवला नाही.

“माझी तार पॉइंट एकोणपन्नासच होती ना?”

“होती.”

“मग माझं उड्डाण बादच. हे मला कशाला सांगताय? मी तुम्हाला माफ करावं म्हणून?” तिने स्क्रू घट्ट केला. “तुमच्याकडे बघून मी दरवर्षी परत यायचे. वाटायचं, इथे निदान माप तरी खरं आहे. तेवढंही ठेवलं नाहीत. जरा बाजूला सरा, उजेड अडतोय.”

तो बाजूला सरला. मग तिथे उभं राहण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून निघाला.

पुढच्या वर्षी मशीनवालीने नाव दिलं नाही. जेटच्या गटात दोघेच उरले, धाकटा आणि दुसरा एक म्हातारा फिटर. किमान तीन स्पर्धक हवेत, नाहीतर गट रद्द. तोही नियमच. दोन वर्षं लागोपाठ गट रद्द झाला, तेव्हा कमिटीने तो कायमचा बंद केला आणि शेवटचा विक्रम अबाधित राहील असा ठराव केला. एकमताने.

ठरावाची प्रत मायक्रोला टपालाने आली. शब्दरचना ढिली होती, एक तारीखही चुकली होती. त्याने पेन काढलं, तारखेखाली रेघ मारली, आणि दुरुस्त न करताच कागद घडी घालून ठेवून दिला. धाकटा अजूनही त्याच्याकडे जेवायला येत नाही.