पहिला तोरस्टाइन

रविवारी बाप्तिस्मा, आणि मंगळवार उजाडला तरी पोराचं नाव मला कोणी सांगेना. बायकोला विचारलं की ती म्हणायची, "ओशिल्डला विचार." ओशिल्डला फोन केला की ती म्हणायची, "ठरत आलंय." ठरत आलंय म्हणजे काय? नाव म्हणजे काय बटाटे आहेत, शिजत आलेत म्हणायला?

ओशिल्ड माझी मुलगी. म्हणजे माझी बायको गुन्वोर हिची, पहिल्या नवऱ्यापासूनची. हाल्वोर त्याचं नाव. जंगलात लाकडं ओढताना ट्रॅक्टर अंगावर उलटला आणि गेला बिचारा. मी या घरात आलो तेव्हा ओशिल्ड चार वर्षांची होती. तिला स्की बांधायला मी शिकवलं, कांजिण्यांत तिच्या उशाशी मी बसलो, आणि खोऱ्यातली बस मीच चालवायचो म्हणून शाळेतही रोज मीच सोडलं. मला स्वतःचं मूल झालं नाही. आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव देतात. तेव्हा ओशिल्डला मुलगा झाल्याचं कळलं आणि मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की या पोराचा आजोबा कोण, मी की हाल्वोर? पोराचा बाप बर्गेनकडचा. त्या लोकांना नावाचं सोयरसुतक नाही, त्यामुळे त्याच्या बाजूनं काही आडकाठी नव्हती.

हे तोंडानं विचारायचं म्हणजे जीव गेला तरी बेहत्तर. म्हणून मी युक्ती काढली. आमच्या घराण्याचा वंशवृक्ष छान छापून, चौकट करून रविवारच्या आत तिला भेट द्यायचा. त्यात एक सोडून एक पिढीत तोरस्टाइन. मी तोरस्टाइन, माझे आजोबा तोरस्टाइन, त्यांचे आजोबा तोरस्टाइन, आणि सगळ्यांच्या वर मूळ पुरुष, पहिला तोरस्टाइन, आणि त्याची बायको मारित. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर त्यांच्या लग्नाची नोंद आहे, १८४६ सालची, आणि तिच्याखाली नुसतं 'मुलगा तोरस्टाइन'. बापाचंच नाव मुलाला कसं? तर ओंडके वाहून नेताना बाप नदीत बुडाला तेव्हा पोर पोटात होतं. बाप जन्माआधी गेला की पोराला त्याचंच नाव द्यायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ही गोष्ट सांगताना माझ्या आजोबांच्या डोळ्यांत दर वेळी पाणी यायचं.

आता फक्त तारखा घालायच्या राहिल्या होत्या. चर्चच्या जुन्या नोंदी आणि जनगणनेचे कागद हल्ली घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसतात. अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय, पण मी चिकाटीचा माणूस. मंगळवारी दुपारी पहिला तोरस्टाइन बुडालेला सापडला, मे १८४९. मग मुलाचा बाप्तिस्मा शोधला. तो निघाला १८५२ सालचा.

गुन्वोर ओट्याशी वॉफल करत होती. मी आकडे तिला मोठ्यानं वाचून दाखवले.

"म्हणजे तीन वर्षं पोटात होता?" ती म्हणाली. "अरे, हत्तीणसुद्धा इतकी कळ काढत नाही!"

"लिहिणाऱ्यानं चूक केली असेल."

"बरोबर. आणि मारितनं वाट बघितली असेल."

मला हसू येईना. मी १८६५ सालची जनगणना उघडली, मारितची वाडी शोधली. तिथं लिहिलं होतं: आयविन्द, घरधनी. मारित, त्याची बायको. तोरस्टाइन आयविन्दसेन, त्याचा मुलगा. पुढं एक घोडा, सहा गाई, काही मेंढ्या. त्या काळी बापाच्या नावाला 'सेन', म्हणजे मुलगा, जोडला की झालं आडनाव, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. हा आयविन्द कोण टपकला म्हणून चर्चच्या नोंदी पुन्हा चाळल्या. त्याच वाडीवरचा गडी. मारितनं १८५१ मध्ये त्याच्याशी दुसरं लग्न लावलं होतं.

"मग पोराचं नाव तोरस्टाइन कसं?" मी ओरडलोच.

"कसं म्हणजे?" गुन्वोर म्हणाली. "विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या मुलाला गेलेल्या नवऱ्याचं नाव. माझी आजी सांगायची. नाही दिलं तर मेलेला माणूस नाव मागत दाराशी फिरतो. तुझ्या आजोबांनी नाही सांगितलं?"

ते मलाही माहीत होतं हो! पण आपल्या घरात असं झालं असेल हे कोणाच्या मनात येतं? मी जॅकेट चढवलं आणि मागच्या अंगणात जाऊन लाकडं फोडू लागलो. दोन हिवाळे पुरतील एवढी लाकडं आधीच रचून ठेवली होती. तरी फोडत राहिलो.

बुधवारही असाच गेला. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कॉम्प्युटर खुणावे. आयविन्दचा माग काढत गेलो. म्हातारा होऊन मेला बिचारा, १८९१ साली. तेव्हा मुलगा घरजावई होऊन बायकोच्या वाडीवर गेलेला, त्यामुळे रिवाजाप्रमाणे नातवाला नाव आईच्या बापाचं. मग आयविन्द नाव कोणाला? कोणालाच नाही. पुढच्या सगळ्या पिढ्या पालथ्या घातल्या, एकही आयविन्द नाही. आम्ही सगळे त्याच्या रक्ताचे, आणि मिरवतो दुसऱ्याचं नाव!

"गाढव होता गाढव," मी जेवताना म्हणालो. "दुसऱ्याचं शेत नांगरलं, दुसऱ्याची गुरं राखली, आणि स्वतःचं पोर झालं तर त्यालाही दुसऱ्याचं नाव. तयार तरी कसा झाला?"

"त्याला कोणी विचारलं असेल असं वाटतं तुला?" गुन्वोर म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तोरस्टाइन, तू नक्की कोणाबद्दल बोलतोयस?"

मी बटाटा कुस्करत राहिलो. खरं सांगायचं तर मला हाल्वोरचा हेवा वाटायचा. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, त्यात आपली हारच असते. तो चुकत नाही, चिडत नाही, म्हातारा होत नाही, घोरत नाही.

शुक्रवारी ओशिल्ड पोराला घेऊन आली. गुन्वोर मुद्दाम दुकानात निघून गेली, तेव्हाच मी काय ते समजलो. ओशिल्डनं कॉफी घेतली, वॉफलवर तपकिरी चीज ठेवलं, खाल्लं काहीच नाही. पोर तिच्या मांडीवर झोपलेलं, मुठी आवळून.

"तोरस्टाइन," ती म्हणाली. पहिल्यापासून ती मला नावानंच हाक मारते. "नावाचं जरा बोलायचं होतं."

"हाल्वोर ठेवायचंय."

तिनं पोराचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला त्यांचा चेहराही नीट आठवत नाही रे. म्हणूनच वाटतं, की निदान नाव... आणि दुसरं नाव तुझं लावू. हाल्वोर तोरस्टाइन."

"शेपूट म्हणून? नको."

"बघ, तुला राग आलाय."

"आलाय! राग आलाय, वाईट वाटलंय, मंगळवारपासून मला एका जागी बसवत नाहीये. तुझ्या आईला विचार, लाकडं ठेवायला जागा उरली नाही. पण तुझा बाप होता तो. हाल्वोरच ठेव."

तिचे डोळे भरले. माझेही भरले असते, पण मी खिडकीतून बर्फाकडे बघितलं. उंबरठ्याजवळचा बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता.

"आणि दुसरं नाव लावायचंच असेल," मी म्हणालो, "तर आयविन्द लाव."

"आयविन्द कोण?"

मी तिच्यासमोर जनगणनेचा छापून काढलेला कागद ठेवला आणि बोट दाखवलं. "हा. मारितचा दुसरा नवरा. शेत त्यानं राखलं, पोर त्यानं वाढवलं, मीही त्याचाच, आणि या मंगळवारपर्यंत मला तो माहीतही नव्हता. त्याचं नाव आजवर एकानंही ठेवलं नाही."

ओशिल्डनं कागद हातात घेतला. बराच वेळ वाचत होती, तिथं वाचण्यासारखं फार काही नसताना. नाक पुसून म्हणाली, "सहा गाई होत्या याच्याकडे?"

"सहा. आणि घोडा."

"मला शाळेत सोडायला कामी आला असता," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. पोर दचकून जागं झालं. मी त्याला उचलून घेतलं आणि खोलीभर फिरवत राहिलो.

रविवारी चर्च अर्धंअधिक भरलं होतं. गुन्वोर माझा हात सोडायला तयार नव्हती. नव्या पाद्रीणबाई तरुण आहेत, आवाज बारीक. त्यांनी विचारलं, "बाळाचं नाव काय?" ओशिल्डनं सांगितलं. बाईंनी पोराच्या डोक्यावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "हाल्वोर," आणि मग दुसरं नाव अगदी तोंडातल्या तोंडात घेतलं, दुसरं नाव घेतात तसं.

"मोठ्यानं!" मी पहिल्या बाकावरून म्हणालो.

सगळं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. बाई गोंधळल्या, त्यांनी ओशिल्डकडे बघितलं, ओशिल्डनं मान डोलावली.

"हाल्वोर आयविन्द," बाई म्हणाल्या, आणि या खेपेला शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेलं.